जोडप्याचं तिकीट

"सांग गो त्यांना, कडेला धरून उभं राहा म्हणावं," काशीबाई म्हणाली. पण सून नम्रता खाली राहिली होती. गरम हवेच्या फुग्याची टोपली माडाइतकी वर गेली होती. तिकीट जोडप्याचं, सुनेला त्यात जागा नव्हती.

टोपलीत तिघंच. काशीबाई, तिचा नवरा जनू आणि फुगा चालवणारा. तो राजस्थानचा. त्याला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आता निरोप द्यायचा तरी कोणाकडे?

नऊ वर्षं काशीबाई नवऱ्याशी बोलली नव्हती. एका घरात, एका चुलीवर. "सांग त्यांना, ताट वाढलंय." "सांग तिला, मीठ कमी हाय." नम्रता मध्ये उभी राहून दोन्हीकडे पोचवायची. कोलाडला दोन दिवस सुट्टीला आणलं तेही तिनंच.

कारण तसं होतं. त्या श्रावणात अवसेचं उधाण आलं. पेणच्या खारेपाटात उधाणाला घरटी एक पुरुष बांधावर उभा राहतो, आपापला तुकडा राखतो. जनूच्या तुकड्याला शेतापाशी खांड पडली, बांध फुटला, खाडी आत शिरली. तीन एकरांचं भात खाऱ्या पाण्यात गेलं. शेजाऱ्यांचंही गेलं. आणि जनू जागेवर नव्हता. काशीबाईनं त्याला गावासमोर नाय नाय ते ऐकवलं. तो गप्प. मग तिनंही तोंड बंद केलं. त्या तोंडाला बंद राहायची सवय नव्हती, तरी केलं.

फुगा रोह्याच्या खालच्या खाडीवर आला. खाली तसंच एक गाव. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला भात, आणि दोन्हींच्या मागून तोच एक बांध, कमरेच्या करगोट्यासारखा. काशीबाई जन्मभर शेतावर गेली ती गल्लीतून वळसा घालून. उधाणाला बायका बांधावर जात नाहीत. बांध अख्खा असा तिनं कधी पाहिलाच नव्हता.

तिची नजर घरामागच्या बांधावरून भातापर्यंत गेली नि परत घराशी आली. मग मध्ये कोणी नव्हतं म्हणून स्वतःच विचारलं.

"त्या दिवशी घरामागं पण खांड पडली होती?"

जनूनं टोपलीचा दोर घट्ट धरला. "व्हय. दोन्ही एकदम. मी एकटा. घरात तू, बाळंतीण सून नि पाच दिवसांचं पोर."

"मग बोललात का नाय?"

"तुला सांगितलं असतं तर वडखळच्या नाक्यापर्यंत गेलं असतं. 'लोकांचं भात बुडवलं नि जनूनं आपलं घर राखलं,' म्हणाले असते. शेजाऱ्यांना काय तोंड दाखवणार होतो? त्यापेक्षा तुझ्या शिव्या बऱ्या."

 काशीबाईनं त्याची बाही धरली.

कापलेल्या भातात उतरताना टोपली कलंडली. दोघं पेंढ्यात. फुग्यामागून गाडीनं आलेली नम्रता धावत आली नि थबकली. सासूचा आवाज चढला होता. "नऊ वरसं! माणूस हाव का धोंडा? मी दुखण्यानं मेले असते तर हे कोणाला सांगणार होतात?"

नम्रतानं घाबरून सवयीनं विचारलं, "आई, बाबांना काय सांगू?"

"तू हो गो पुढं," काशीबाई म्हणाली. "आमचं बोलणं चाललंय."