निळा दोरा

दूर वाळवंटी देशात, मलाझ भागातल्या जुनी कापडं जतन करणाऱ्या प्रयोगशाळेत मुग्धापुढे एक लोकरी भिंतपडदा पसरला होता, वाळूखाली गाडलेल्या प्राचीन घरातला. त्यावर लांब केसांच्या बायका विणलेल्या. शेवटचीचं विणकाम गळ्यापाशीच तुटलेलं. जुन्या कापडाला नवा धागा जोडायचा नाही, हा तिच्या नोकरीतला पहिला नियम. पण येवल्याच्या विणकराची लेक ती; तुटका धागा दिसल्यावर बोटं थोडीच ऐकतात! स्वतःच्या ओढणीचा निळा दोरा उपसून तिने कधी सांधला, तिचं तिलाच कळलं नाही. चहा पिऊन परतली, तर बाईला निळी हनुवटी फुटली होती, अंगावरची ओढणी वीतभर आखूड झालेली. घाबरून तिने वडिलांना फोन लावला. “सांधलंस? आता अर्धवट सोडता येणार नाही, पोरी. विणणारीला शेवटपर्यंत दोरा पुरवावा लागतो.” बोलता बोलता ओढणी संपली. चेहरा पुरा झाला. केस तेवढे राहिले. मुग्धाच्या वेणीला हळूच हिसका बसला.