ओलांडणाऱ्यांची मोजणी

थोरलीचं घर रस्त्याच्या अलीकडे, धाकटीचं पलीकडे. मधून गाड्यांचा असा लोंढा, की दोघी बहिणींची भेट खिडकीतून हात हलवण्यावर आली होती. परवा धाकटीने अंथरूण धरलं आणि पलीकडचा हातही दिसेनासा झाला. थोरली तडक वाहतूक खात्यातल्या साहेबांपुढे जाऊन बसली. "मला पलीकडे जायला झेब्रा पट्टे आखून द्या."

"आखू हो आजी, पण कुणासाठी?" साहेब समजुतीने म्हणाले. "आमचा माणूस तिथे बसून रोज फोनवर आकडा कळवतो. रस्ता ओलांडणारे शून्य!"

"अहो, गाड्या थांबतच नाहीत, तर ओलांडणार कसं?"

"तेच म्हणतोय मी. ओलांडणारं कुणी नाहीच."

"आणि तो तुमचा मोजणीवाला? तुमच्या गाडीने त्याला दुभाजकावर सोडलं, तेव्हापासून तिथेच अडकलाय. ना इकडे येता येत, ना तिकडे जाता येत. मी खिडकीतून केळी फेकते, म्हणून तग धरून आहे बिचारा!"

साहेबांचा चेहरा एकदम खुलला.



"बघा! म्हणजे आमचा माणूससुद्धा ओलांडत नाही."