न वितळलेला लेप

"तुमचा अहवाल खोटा आहे साहेब. फोन मी कापला नाही. कॉम्प्युटर आपोआप बंद पडला."

रुग्णवाहिका बोलावण्याचे फोन घेणारी ऑपरेटर उभ्यानंच बोलत होती. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. तिला कायमचं घरी बसवायचा आदेश टेबलावर तयार होता. फक्त सही राहिली होती.

चौकशी अधिकाऱ्यानं मान वर करायची तसदीही घेतली नाही. "हाच कॉम्प्युटर आम्ही सलग तीन दिवस चालवला. एकदाही बंद पडला नाही. दोन वर्षं तुम्ही वापरलात, आता त्याच्या नावानं खडे फोडू नका."

कोपऱ्यात बसलेली बाई उसळली. त्या दुपारी फोन तिनं केला होता. "माझा नवरा जमिनीवर तडफडत होता. मी पत्ता सांगत होते, आणि हिनं फोन ठेवला. झोप लागते का गं तुला?"

"नाही लागत," ऑपरेटर म्हणाली. "फोन कॉम्प्युटरवरच येतात, ताई. तो तापून बंद पडतो, असं मी तीनदा लिहून दिलं होतं. उघडून तरी बघा म्हणावं यांना."

"उघड रे," अधिकारी बाहेरून आणलेल्या मेकॅनिकला म्हणाला. "फिटू दे हिची हौस."

"पंख्यात केस, बिस्किटाचा चुरा, सगळं तुमचंच निघतं, आणि बदनाम मशीन," मेकॅनिक पुटपुटला. कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्यावर ओरखडे होते, ऑपरेटरच्या टेबलाचा नंबर होता. आत मात्र धुळीचा कण नव्हता.

"साफ करून घेतलाय," अधिकारी घाईनं म्हणाला.

मेकॅनिकनं चार स्क्रू काढले आणि प्रोसेसरवरचा, त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, हीटसिंक, उचलला. जुना असता तर पिळून सोडवावा लागला असता. हा अलगद हातात आला. त्यानं तो उलटा केला आणि खिडकीपाशी नेला. खालच्या करड्या लेपाच्या रेघा कंगव्याच्या दातांसारख्या सरळ होत्या.

"साहेब, हा लेप कारखान्यातून लागून येतो. प्रोसेसर पहिल्यांदा तापला की वितळतो, पसरतो. मग रेघा राहत नाहीत." त्यानं ऑपरेटरकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तीन दिवस सोडा, हा तीन तासही चाललेला नाही. डबा जुना आहे. आतलं सगळं कोरं आहे."

"तुला स्क्रू काढायला बोलावलंय, अक्कल शिकवायला नाही. लाव परत." अधिकाऱ्यानं पेन उघडलं आणि आदेश पुढे ओढला.

कोपऱ्यातली बाई उठली. टेबलाशी आली. सहीच्या जागेवर तिनं आपला पंजा दाबून ठेवला.

"माझा फोन ज्याच्यावर तुटला, तो कॉम्प्युटर कुठं आहे?"