तालमीत न म्हटलेल्या दोन ओळी

“आणि शेवटच्या दोन ओळी?” फिलिपानं खालून विचारलं.

स्टेजवर विल्फ टॅटर्सॉल हाताची घडी घालून उभा राहिला. वय एक्क्याऐंशी, अंगात फुलाफुलांचा झगा, छातीला दोन उशा. ख्रिसमसच्या पँटोत, म्हणजे पोरांसाठीच्या गाण्या-विनोदांच्या नाटकात, म्हातारीचं सोंग पुरुषानंच काढायचं, आणि इंग्लंडातल्या या मॉरकम गावात ते विल्फनंच काढायचं. दुसरं कुणी काढलं तर गावानं थिएटर उलटं केलं असतं.

“त्या मी म्हणणार नाही.”

“म्हणणार नाही, की आठवत नाहीत?”

फिलिपा या वर्षीची नवी दिग्दर्शिका, टीव्हीतून आलेली. बाई हुशार होती. आठवड्याभरात विल्फनं दोनदा वाक्यं गाळली होती, ते तिच्या बरोबर लक्षात राहिलं होतं.

“पोरी, छपन्न वर्षं हसवतोय मी लोकांना,” विल्फ कडाडला. “क्लबात बाटल्या चुकवत हसवलं. रेडिओवर हसवलं. टीव्हीवर प्लंबर होऊन चौदा वर्षं दर शुक्रवारी जिन्यावरून पडलो. पँटोच्या शेवटच्या दोन ओळी पहिल्या प्रयोगाआधी कुणी तोंडातून काढत नाही. खेळ पुरा व्हायचा तो लोकांसमोर. तालमीत पुरा केला की बोंबलला. हे इथं झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक आहे!”

“असल्या खुळचट समजुतींवर मी खेळ लावणार नाही. ओळी म्हणा. नाहीतर शनिवारी हा झगा डेस्मंड घालतील.”

डेस्मंड प्यू विंगेत बसला होता. अकरा वर्षं तो विल्फचा बदली नट. दर वर्षी सगळी भूमिका पाठ करायचा. पण विल्फ तापातसुद्धा उभा राहायचा, त्यामुळे डेस्मंडच्या वाट्याला दोघांनी मिळून घालायच्या गाईच्या सोंगातले मागचे पायच यायचे.

“मला इथून काढायचं तर उचलून न्यावं लागेल,” विल्फ म्हणाला. “गुडघे तुमचे जातील. माझे केव्हाच गेलेत.”

एरवी या वाक्याला हशा पिकला असता.

“डेस्मंड, तुम्हाला येतात ना? म्हणा.”

डेस्मंड गाईचे पाय कमरेशी धरून पुढे आला. त्यानं विल्फकडे बघितलं. विल्फनं नजर वळवली.

“नाही म्हणणार,” डेस्मंड म्हणाला. “पहिल्या प्रयोगाआधी नाही.”

मग गाईचे पुढचे पाय नाही म्हणाले. राजकन्या नाही म्हणाली. पियानोवाल्या बाईंनी तर झाकणच धाडकन आपटलं. फिलिपानं संहिता मिटली.

“ठीक आहे. पण शनिवारी अडखळलात, तर तो तुमचा शेवटचा प्रयोग.”

शनिवारी दुपारी दोनचा खेळ. पोरंटोरं, आज्या, गोळ्यांच्या पुड्या. विल्फनं दोन तास त्यांना नुसतं ओरडायला लावलं. मग शेवट आला. तो एकटा पुढे झाला आणि थांबला. जरा जास्तच थांबला. मागच्या रांगेत फिलिपा उठून उभी राहिली. तेवढ्यात विल्फनं झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि ठणकावलं,

“गुडघे गेले, केस गेले, दातही गेले सारे,
जीभ मात्र शाबूत आहे, पुढल्या वर्षी या रे!”

काय सांगू! छप्पर उडायचं तेवढं राहिलं. फिलिपानं भराभर पानं उलटली. या ओळी कुठंच नव्हत्या. पण तीही हसत होती, करते काय!

विंगेत येऊन विल्फ बाकावर मटकन बसला. शेजारी डेस्मंड घाम पुसत होता.

“डेस, खऱ्या ओळी मला आठवल्याच नाहीत रे. आजही नाही, त्या दिवशीही नाही. प्रथेचं नुसतं निमित्त केलं मी.”

“ठाऊक होतं मला.”

“ठाऊक होतं? मग गाढवा, म्हणून टाकायच्या होत्यास! तोंडपाठ होत्या तुला. हा झगा तुझा झाला असता.”

“मला हवाच आहे तो. अकरा वर्षं हवा आहे,” डेस्मंड म्हणाला. “पण तो तू काढून माझ्या हातात द्यायचास. तुझ्या अंगावरून ओरबाडलेला मी घालीन होय रे?”