बासिलिओची पाठ

स्पेनमधल्या हेरेझ गावी, बारमध्ये जमणाऱ्या आमच्या फ्लामेंको मंडळात बासिलिओ गिटार वाजवायचा. ती एक अवघड कॉर्ड जवळ आली, की लेकाचा खुर्चीसकट भिंतीकडे वळायचा. डावा हात कुणाला दिसता कामा नये! अकरा वर्षं मी त्याची नुसती पाठ बघत जळलो. घरी तीच कॉर्ड शोधताना चार बोटं सहा तारांवर अशी ताणली, की शेवटी करंगळीवर शस्त्रक्रिया करावी लागली.

"एकदा दाखव की रे," मी म्हणालो होतो.

"दाखवून काय उपयोग, खिनेस? तुझ्या हाताला तेवढी बोटं आहेत कुठे?"

सगळं मंडळ खदखदून हसलं होतं.

काल आमच्या बारवाल्या रेमेदिओसनं, शेरी वाइनच्या व्यापाऱ्यानं भेट दिलेला आरसा नेमका त्याच भिंतीवर टांगला. बासिलिओ डोळे मिटून, सवयीनं वळला आणि आरशात मला त्याचा डावा हात लख्ख दिसला.

दोन बोटं. फक्त दोनच तारा दाबल्या होत्या, बाकीच्या चार मोकळ्याच वाजत होत्या.

माझी करंगळी ठणकायला लागली. शेजारी तिघे जण माना खाली घालून, आपापल्या गिटारीवर तीच कॉर्ड धरायला बोटं पिळत होते. त्यांना ओरडून सांगायला मी ताडकन उठलो.

मग अंगातला कोट काढला आणि आरशावर टांगला.