शेवटच्या पाटीपर्यंत

तो माणूस पहिल्याच पाटीपाशी इतका वेळ रेंगाळला, की हार्टविगने दोनदा घड्याळ पाहिलं.

"उभ्या उभ्या झोपला की काय?"

"वाचतोय," वालबुर्गा म्हणाली. हे सांगताना तिला कोण आनंद झाला होता.

आल्टेनक्रॉनमध्ये वेशीपासून जुन्या पुलापर्यंत भिंतींवर पितळी पाट्या आहेत. कोपऱ्यात क्रमांक, खाली मजकूर. पाहुण्याने वेशीवरच्या खोक्यातून फुकटचं पत्रक उचलायचं आणि वाटाड्याशिवाय, आपलं आपण गाव हिंडायचं. सगळा मजकूर वालबुर्गाचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने त्यासाठी वर्षानुवर्षं डोळे फोडून जुनी दप्तरं वाचली होती. आणि आता नगरसेवक हार्टविग, लहानपणी शाळेत तिच्या शेजारी बसून तिची गणितं उतरवणारा, त्या पाट्या काढून तिथे मोबाइलने टिपायचे क्यूआर कोडचे चौकोन चिकटवायला निघाला होता. सोमवारी मतदान होतं.

"तुझ्या पाट्या कुणी वाचत नाही, बुर्गी," तो म्हणाला होता. "लोक फोटो काढतात आणि आइस्क्रीम खायला जातात. पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत वाचणारा एक तरी माणूस दाखव. मी स्वतः पाट्यांच्या बाजूने हात वर करीन."

म्हणून शनिवारी सकाळपासून दोघं वेशीजवळच्या बाकावर ठाण मांडून बसले होते. एक अख्खी बस पाटीकडे पाठ करून निघून गेली. एका जोडप्याने पाटीला टेकून मुके घेतले. हार्टविग खुशीत होता. तेवढ्यात हा आला. चौकड्यांचा सदरा, टोपी, पाठीला पिशवी, हातात कोरं करकरीत पत्रक.

त्याने मजकुराच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि शेवटच्या ओळीवरून उचललं. मग पत्रकाची घडी घालून खिशात टाकली आणि तो दुसऱ्या पाटीकडे निघाला. हे दोघं थोडं अंतर राखून मागे.

"ओठ बघ कसे हलतायत," हार्टविग कुजबुजला. "हॉलंडचा असणार. आपली भाषा येत नाही, पण फुकट मिळतंय म्हणून सगळं वाचून घेतोय."

"कुठला का असेना. वाचतोय ना?"

चर्चपाशी सगळे पर्यटक माना वर करून कळस बघतात. याने कळसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाटी वाचली आणि पुढे गेला. मिठाच्या वखारीवरची पाटी जरा कलली होती, ती त्याने तळव्याने रेटून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. काय नीटनेटका माणूस आहे, असं वालबुर्गाला वाटलं.

"आता चर्मकार गल्ली," हार्टविगने हात चोळले. "तिथली पाटी वेलीने झाकलीय. आजवर एकालाही सापडली नाही. तक्रारींचा ढीग पडलाय माझ्याकडे."

तो माणूस गल्लीत शिरला, सरळ भिंतीपाशी गेला आणि पडदा सारावा तशी त्याने वेल बाजूला केली.

"बघितलंस?" वालबुर्गाने हार्टविगला कोपराने ढोसलं. "माझ्या पत्रकात खाणाखुणा इतक्या चोख लिहिल्या आहेत!"

"पत्रक त्याच्या खिशात आहे, बुर्गी."

"मग पाठ केलं असेल. तुझ्यासारखे सगळे आळशी नसतात."

गाडी अडली ती नगरभवनाच्या पाटीवर. सगळ्यांत लांबलचक मजकूर तिथला. तिसऱ्या ओळीत त्याचं बोट थांबलं. मागे आलं. पुन्हा थांबलं. मागे मोबाइलवाल्यांचा घोळका जमला, कुणीतरी "चला हो काका" म्हणालं, तसा तो कानांपर्यंत लाल झाला, बाजूला सरला आणि पायरीवर जाऊन बसला.

"संपलं," हार्टविग म्हणाला. "चल, आलुबुखाराचा केक खाऊ. माझ्याकडून."

वालबुर्गा जागची हलली नाही. कशाला इतके जडजंबाल शब्द घातले आपण? चार सोपे शब्द लिहिले असते तर बोटं झडली असती का? आता या एका ओळीपायी सगळ्या पाट्या भंगारात जाणार होत्या.

त्या माणसाने पिशवीतून पावाचा तुकडा काढला, सावकाश खाल्ला आणि हात झटकले. घोळका आइस्क्रीमच्या दुकानाकडे गेला होता. तो उठला, पाटीपाशी गेला आणि अगदी पहिल्या शब्दापासून वाचू लागला. तिसरी ओळ आली. बोट थबकलं आणि पुढे सरकलं.

"वा रे पठ्ठ्या!" वालबुर्गा पुटपुटली. तिचे डोळे भरून आले.

त्यानंतर त्याला कुणी थांबवू शकलं नाही. उन्हं कलली तेव्हा तो पुलावर होता. शेवटच्या पूर्णविरामावर त्याचं बोट टेकलं, त्याने टोपी काढली आणि खाली नदीकडे बघून तो मोठ्याने हसला.

"झालं. हरलो," हार्टविगने दोन्ही हात वर केले. "सोमवारी यातला एक करीन वर."

वालबुर्गा पोरीसारखी पळतच त्या माणसाकडे गेली. "महाशय, कुठून आलात तुम्ही?"

"गिरणीमागून."

"म्हणजे, इथलेच?"

"नगरपालिकेत कामाला होतो, बाई. नारिंगी जाकीट अंगात नाही ना, म्हणून ओळखलं नाहीत." त्याने पाटीच्या स्क्रूवरून अंगठा फिरवला. "या सगळ्या मीच बसवल्यात."

हार्टविगचे हात झटकन खाली आले. "अहो, मग तुम्हाला तर त्या तोंडपाठ असतील! बुर्गी, हा माणूस धरायचा नाही. जुन्या पाट्यांवरून नुसतं बोट फिरवत आलाय."

"तोंडपाठ कुठून असायला, साहेब? नुसते आकडे बघून बसवल्या होत्या," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पुन्हा फुलला. "वाचायला मी गेल्या हिवाळ्यात शिकलो."