झग्याचा खिसा

वरच्या पाड्यावर लिडियाताईंची अंगणवाडी, खालच्या पाड्यावर प्रिस्किलाची. यंदा सरकारने नवा नियम काढला: पोरांचं वजन जितकं वाढेल तितकं बक्षीस, नुसत्या भरलेल्या रजिस्टरला दमडी नाही. बक्षीस प्रिस्किलाने नेलं. त्या दिवसापासून लिडियाताई अशा काही जळत होत्या की डोक्यावर पातेलं ठेवलं असतं तर अख्ख्या पाड्याची खिचडी शिजली असती. खोटं वाटत असेल तर विसरवाडीच्या बाजारात कुणालाही विचारा.

शेवटी राहवेना, तशा त्या वजनाच्या दिवशी टेकडी उतरून खाली गेल्या. काट्यावर एक गुबगुबीत पोरगी बसली होती. ताईंनी सरळ तिच्या झग्याच्या खिशात हात घातला.

"काय शोधताय, ताई?" प्रिस्किलाने विचारलं.

"दगड! माझी पोरं पहिल्यापासून धष्टपुष्ट, आणि वजन वाढतं ते तुझ्या पोरांचं?"

खिशातून शेंगदाण्याच्या लाडवाचा चुरा निघाला. ताईंनी तो हुंगूनसुद्धा पाहिला.

"मग ही पहिलवान कुठून आणलीस, ते तरी सांग!"

"तुमच्याच दारातून, ताई. उन्हाळ्यात आईबापांबरोबर ऊसतोडीवरून परत आली, तेव्हा नुसती हाडं होती. 'हिला घेतलं तर माझा निकाल बिघडेल' म्हणून तुम्हीच तिला खाली माझ्याकडे धाडलंत."